बालवीर चळवळ आणि नागपूर : पथकाचे दार कोणासाठी?

समाजाच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक ज्ञातिसंस्थेपुढे मुलांचा प्रश्न नित्य उभा असतो. गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके, गरजूंना शिष्यवृत्ती, वधूवर-परिचय मेळावे ही कार्ये आपले मंडळ यथाशक्ती करीत आले आहे व ती स्तुत्यच आहेत. परंतु परीक्षेत गुण मिळविणे आणि अंगी गुण बाणणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या गोष्टीसाठी शहरात पावलोपावली शिकवणीवर्ग निघाले आहेत. दुसरीसाठी जी थोडी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांत बालवीर चळवळीचे, म्हणजेच स्काउटिंगचे, स्थान फार वरचे आहे.

मंडळाच्या सभागृहाच्या आवारात दर रविवारी भरणारे एक बालवीर पथक आपण काढावे, अशी सूचना काही ज्ञातिबांधवांकडून आली आहे. सूचना निघते न निघते तोच तिच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न निघाला. पथकात मुले घ्यावयाची ती कोणाची? केवळ आपल्या ज्ञातीची, की वस्तीतील सर्वांची? हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो. पण तो व्यवस्थेचा नसून तत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या चळवळीचा इतिहास डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. कारण हा इतिहास एका अर्थी भरतीचाच इतिहास आहे. कोणास आत घेतले, कोणास दाराशी थांबविले आणि त्याचा परिणाम काय झाला, याची ती कथा होय. त्या कथेत आपल्या नागपूरचा वाटा लहान नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

चळवळीचा उगम

या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. १८७६ साली ते घोडदळातील तरुण अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. पुढे १८९७ ते १८९९ या काळात येथेच एका घोडदळ पलटणीचे आधिपत्य करीत असताना त्यांनी सैनिकांना लहान लहान तुकड्यांत विभागून टेहळणीचे, मागखुणा ओळखण्याचे व स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याचे शिक्षण दिले. म्हणजे ज्या पद्धतीवर पुढे ही चळवळ उभी राहिली, तिचा एक प्रयोग आपल्याच भूमीवर झाला होता.

१८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावास बोअर सैन्याचा २१७ दिवस वेढा पडला. गावाच्या रक्षणाची जबाबदारी बेडन-पॉवेल यांच्यावर होती. त्या संकटात गावातील मुलांच्या एका तुकडीने निरोप पोहोचविण्याची व लहानमोठी इतर कामे धैर्याने केली. मुलांवर विश्वास टाकला, तर ती मोठ्यांच्या तोडीने जबाबदारी पार पाडतात, हा बोध त्यांनी तेथून घेतला.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरले. या शिबिरासाठी मुले कशी निवडली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. काही मुले ईटन व हॅरोसारख्या श्रीमंतांच्या विद्यालयांत शिकणारी होती, तर काही बोर्नमथ व पूल या गावांतील कामकरी कुटुंबांतील होती. त्या काळी इंग्लंडात वर्गभेद इतका तीव्र होता की, ही दोन प्रकारची मुले एका पंगतीस बसणे दुर्मीळच. आपल्याकडील जातिभेदाशी त्याची तुलना केली तर ती फारशी चुकीची ठरणार नाही. बेडन-पॉवेल यांनी त्या मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघात दोन्हीकडची मुले मिसळली. एका तंबूत राहणे, एका चुलीवर शिजविणे व एका नायकाचे ऐकणे हाच तो प्रयोग. बालवीर चळवळीचा पाया अशा रीतीने सरमिसळीवरच घातला गेला.

पुढील वर्षी, म्हणजे १९०८ साली, ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रथम पाक्षिक भागांच्या रूपाने निघाले. ते वाचून ठिकठिकाणी मुलांनी आपण होऊन संघ बांधले व मग आपल्यासाठी शिक्षक शोधीत ती हिंडू लागली. मोठ्यांनी मुलांची भरती केली नाही. मुलांनी मोठ्यांची केली, असेच म्हणावयास हवे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली निमंत्रण नसताना तेथे येऊन उभ्या राहिल्या व ‘आम्हांसही घ्या’ असा त्यांनी आग्रह धरला. त्यातूनच १९१० मध्ये मुलींची ‘गाइड’ संघटना जन्मास आली. तीस आपण वीरबाला म्हणतो.

हिंदुस्थानात बंद दार

१९०९ साली ही चळवळ बंगलोर येथे आली. परंतु ती कोणासाठी आली? केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. कलकत्ता, मद्रास, मुंबई, जबलपूर अशा ठिकाणी पथके निघाली, तीही त्याच मुलांची. १९११ साली वीरबालांचे देशातील पहिले पथक जबलपूर येथे निघाले. जबलपूर त्या काळी आपल्याच मध्य प्रांतात होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. मात्र या पथकांत देशी मुलामुलींना प्रवेश नव्हता.

या बंदीचे कारण उघड होते. मागखुणा ओळखणे, खुणांच्या भाषेत संदेश पाठविणे, रानात राहणे या विद्या देशी तरुणांच्या हाती पडल्या, तर ते क्रांतिकारक होतील, ही भीती सरकारदरबारी होती. ज्या देशात या पद्धतीचा एक प्रयोग झाला, त्याच देशाच्या मुलांना तिच्या दाराशी उभे राहावे लागले, याहून मोठा विपर्यास कोणता?

पण दार बंद झाले म्हणून येथील माणसे स्वस्थ बसली नाहीत. १९१३ साली संयुक्त प्रांतातील शाहजहानपूर येथे पंडित श्रीराम वाजपेयी यांनी देशी मुलांचे पथक काढले. १९१६ मध्ये मद्रास येथे डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने भारतीय मुलांची स्वतंत्र बालवीर संघटना स्थापन केली. तिच्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी पागोटे आले. त्याच सुमारास प्रयाग येथे पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांनी सेवा समितीच्या आश्रयाखाली बालवीरांची संघटना उभारली.

नागपूरचे एक सुपुत्र

याच १९१३ सालाशी आपल्या मध्य प्रांताचे नाव निगडित आहे. या प्रांतात देशी मुलांसाठी बालवीर कार्याचा आरंभ करण्याचा मान व्हिव्हियन बोस यांच्याकडे जातो. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू. त्यांचा जन्म १८९१ साली अहमदाबाद येथे झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन १९१३ साली ते बॅरिस्टर झाले व नागपुरास त्यांनी वकिली केली. पुढे ते येथील विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९४९ मध्ये मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ ते १९५६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

एवढ्या मोठ्या पदांवर चढलेल्या गृहस्थाने अर्ध्या चड्डीतील मुलांच्या पथकासाठी वेळ काढावा, हे आज नवल वाटेल. त्यांनी तो आयुष्यभर काढला. प्रांतातील बालवीर कार्याची जबाबदारी त्यांनी दीर्घकाळ वाहिली व स्वातंत्र्यानंतर ते या चळवळीचे राष्ट्रीय आयुक्तही झाले. १९५२ साली अन्वर अली सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे कायद्यापुढील समानतेचा, प्रश्न आला. तेव्हा न्यायमूर्ती बोस यांनी लिहिलेले स्वतंत्र निकालपत्र विधिज्ञ अद्याप आदराने वाचतात. ज्या हातांनी देशी मुलांसाठी पथकाचे दार उघडले, त्याच हातांनी पुढे समानतेचा अर्थ विशद केला, हा योगायोग मानावयास माझे मन धजत नाही.

फूट आणि ऐक्य

१९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले. आता देशी मुलांसाठी दार उघडले होते. डॉ. बेझंट यांची संघटना मुख्य संस्थेत विलीन झाली. सेवा समितीची संघटना मात्र बाहेरच राहिली, कारण परकीय राजाशी निष्ठेची शपथ तिच्या धुरीणांस मान्य नव्हती. १९३७ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे पहिला अखिल भारतीय मेळावा, म्हणजे जांबोरी, भरला. वृद्ध बेडन-पॉवेल त्यास स्वतः उपस्थित होते. परंतु त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांची काही अनुदार विधाने प्रसिद्ध झाली व देशभर संताप उसळला. अनेक कार्यकर्ते संस्थेतून बाहेर पडले आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट संघटना निर्माण झाली. जगाला बंधुत्व शिकविणारी चळवळ दुभंगली ती एका अपमानाने. संस्थापक थोर असला तरी त्याचे वचन तपासूनच घ्यावे, हा धडाही त्यातून मिळतो.

स्वातंत्र्यानंतर या निरनिराळ्या संघटना एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. पंडित नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, पंडित कुंझरू, पंडित वाजपेयी यांच्याबरोबर त्यात दोन नावे नागपूरची होती. एक न्यायमूर्ती बोस यांचे आणि दुसरे मध्य प्रांताचे तत्कालीन राज्यपाल मंगलदास पक्वासा यांचे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकच संस्था स्थापन झाली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी वीरबालांची संघटनाही तीत सामील झाली. १९५६ साली पचमढी येथे या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ज्या पचमढीस उन्हाळ्यात आपल्या प्रांताचे सरकार नागपुराहून जात असे, तेथे आता देशभरचे पथकनायक शिक्षण घेण्यास येतात. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुणे येथे वीरबालांचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र उघडले. ज्या देशाच्या मुलींना १९११ मध्ये पथकात स्थान नव्हते, त्याच देशात जगभरच्या मुली पाहुण्या म्हणून येऊ लागल्या.

या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येते. दार उघडले तेव्हा ही चळवळ वाढली. दार लोटले गेले किंवा कोणाचा अवमान झाला तेव्हा ती फुटली.

मुले येतात कशी?

आता भरतीच्या व्यवहाराकडे वळू. अध्यापनाच्या प्रदीर्घ काळात मी पथके निघताना पाहिली आणि विझतानाही पाहिली. एका शाळेत वरून आदेश आला म्हणून एका दिवसात एका अख्ख्या वर्गाची नावे पटावर चढली. गणवेश शिवले गेले. ते १५ ऑगस्ट व २६ जानेवारी या दोन दिवशी बाहेर निघत व एरवी पेटीत राहत. त्याच शाळेत पुढे एका उत्साही तरुण शिक्षकाने अवघी सात मुले घेऊन अंबाझरीपर्यंत पायी सहल काढली. तेथे त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजविली; ती तळाशी करपली व वर कच्ची राहिली. सोमवारी त्या करपलेल्या खिचडीची कथा वर्गभर झाली आणि पुढच्या रविवारी सात मुलांच्या जागी एकोणीस मुले हजर! फलकावरील सूचनेने मुले येत नाहीत. मुलाला मुलगाच आणतो.

चळवळीची रचनाही याच तत्त्वावर बेतलेली आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातीलच एक संघनायक आणि असे काही संघ मिळून पथक. लहान मुलांसाठी कब व बुलबुल, दहा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी बालवीर व वीरबाला आणि पुढे तरुणांसाठी रोव्हर व रेंजर अशा पायऱ्या आहेत. नवा मुलगा आला की त्याला लगेच रुमाल व बिल्ला मिळत नाही. प्रथम काही आठवडे तो संघाबरोबर उठतो-बसतो, नियम, वंदन, ध्वजाची माहिती व दोरीच्या गाठी शिकतो. ‘प्रवेश’ उत्तीर्ण झाल्यावरच दीक्षासमारंभात तो वचन घेतो. ईश्वर अथवा धर्म आणि देश यांविषयीचे कर्तव्य करीन, इतरांस साहाय्य करीन व नियम पाळीन, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे भरती ही सक्तीने होत नाही. मुलगा पथकास पाहतो, पथक मुलास पाहते आणि मग दोघेही एकमेकांस स्वीकारतात.

पालकांची तक्रार असते की, अभ्यासातून वेळ मिळत नाही. मला वाटते, वेळ मिळत नाही असे नसून तो हातातील मोबाइल गिळून टाकतो. आठवड्यातून दोन तास उघड्या हवेत घालविल्याने कोणाचा क्रमांक गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उलट जखमेवर पट्टी बांधणे, अनोळखी रस्त्यावर दिशा ओळखणे, दहा जणांसाठी स्वयंपाक करणे, चुकलेल्या सोबत्यास न हिणवता सांभाळून घेणे या गोष्टी येणारा मुलगा पुढे कोठेही गेला तरी अडून राहत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर

शेवटी मूळ प्रश्न. पथक आपल्या ज्ञातीपुरते असावे, असे म्हणणाऱ्या बंधूंचे म्हणणे मी लक्षपूर्वक ऐकले आहे व त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पैसा ज्ञातिबांधवांनी दिला; सभागृह आपल्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन बांधले; मग त्याचा लाभ प्रथम आपल्या मुलांना मिळावा, असे त्यांस वाटते. शिवाय आपली मुले बुजरी आहेत, परक्यांत ती मागे पडतील, अशीही काळजी काही मातांनी बोलून दाखविली.

परंतु बालवीरांच्या नियमांत एक नियम असा आहे की, बालवीर हा सर्वांचा मित्र व प्रत्येक बालवीराचा बंधू असतो. हे वचन मुलाकडून घ्यावयाचे आणि शेजारच्या घरातील त्याच्या खेळगड्यास मात्र फाटकाबाहेर उभे करावयाचे, ही विसंगती मोठ्यांच्या ध्यानी आली नाही तरी मुलांच्या येते. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेनेही आपली व्याख्या करतानाच वंश, पंथ वा जन्म यांचा भेद न मानता सर्वांस खुली असलेली चळवळ, असे म्हटले आहे. जे दार इंग्रजांनी आपल्या मुलांसाठी बंद ठेवले, त्याचा आपल्याला राग येतो. तो राग खरा असेल, तर तेच दार आपण दुसऱ्याच्या मुलासाठी कसे बंद करावे? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास फार जुना नाही.

लाभाचीच गोष्ट करावयाची तर तीही करू. आपली मुले आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे व परदेशीही शिक्षणास आणि नोकरीस जातात. तेथे वसतिगृहात आणि कचेरीत सोबती ज्ञातीचे मिळत नसतात. जो मुलगा बालपणी केवळ चुलत-मावस भावंडांतच वाढला, त्यास तेथे एकाकी वाटते. बुजरेपणा घालविण्याचा उपाय आठ मुलांच्या संघात आहे. तेथे आळीपाळीने प्रत्येकास काही ना काही जबाबदारी उचलावीच लागते. परक्यांत मिसळण्याचे शिक्षण परक्यांना दूर ठेवून देता येत नाही.

आणि सेवा कोणाची करावयाची? विजयादशमीस दीक्षाभूमीवर, त्रिपुरी पौर्णिमेस रामटेकला आणि उरुसाच्या वेळी ताजबागेत केवढा जनसमुदाय लोटतो! तहानलेल्यास पाणी देणे, चुकलेले मूल आईपर्यंत पोहोचविणे, उन्हाने भोवळ आलेल्या वृद्धास सावलीत नेणे ही कामे तेथे हवीच असतात. आपल्या पथकाची मुले या तिन्ही ठिकाणी गेली, तर मंडळाचे नाव कमी होईल की वाढेल, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. पथक मंडळाने अवश्य काढावे. ते शाळेबाहेरचे खुले पथक म्हणून रीतसर नोंदवावे. पथकनायक होऊ इच्छिणाऱ्या दोन तरुणांस व दोन तरुणींस प्रथम प्रशिक्षणास पाठवावे, कारण शिक्षणाविना नायक म्हणजे दोराविना पतंग. आरंभ आठ मुलांनी करावा, ऐंशींचा हव्यास धरू नये. मुलींचे पथक त्याच दिवशी सुरू व्हावे, मागाहून नव्हे. आपल्या प्रत्येक मुलाने आपला एक मित्र बरोबर आणावा व तो कोणत्या घरचा हे कोणी विचारू नये. जागा मंडळाची, प्रेरणा मंडळाची, पण मुले सर्वांची, असे झाले तर ज्ञातीचा पैसा वाया गेला असे न होता तो सत्कारणी लागला असे होईल.

पूर्वजांनी बांधलेल्या सभागृहाचे दार भक्कम सागवानी आहे. ते बंद ठेवण्याने त्याची शोभा वाढत नाही. रविवारी सकाळी ते पूर्ण उघडावे आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे डाव्या हाताचे हस्तांदोलन करून बालवीरांच्या रीतीने स्वागत व्हावे. ज्ञातीची प्रतिष्ठा कशात आहे हे आपल्या मुलांना मग निराळे शिकवावे लागणार नाही. इत्यलम्.